पेटी खाली शे

रुपचंदचा विषय निघाला की भिकुबाई आधी थुंकायची आणि मग बोलायची. नाव तर घ्यायचीच नाही. "तो टोपीवाला," एवढंच. सख्खा धाकटा दीर तिचा, मेलेल्या नवऱ्याचा पाठचा भाऊ, पण संक्रांतीला अख्ख्या गावात तिळगूळ वाटणारी ही बाई त्याच्या दारासमोरून ताट पदराखाली झाकून न्यायची. मुद्दाम त्याच गल्लीनं जायची बरं का, दुसरा रस्ता असताना! त्यानं बघावं म्हणून.

साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेर ओलांडलं की डोंगर सुरू होतात, त्या डोंगराच्या कुशीतलं हे गाव. पौषात इथं असं हीव पडतं की सकाळी गवतावरचं दहिवर पायाला काचेसारखं टोचतं. गावाच्या शेवटाला, शेतांना लागून, भिकुबाईचं धाब्याचं घर. आईबापाची आधीची पोरं जगली नाहीत म्हणून देवाकडं भीक मागून झालेली ती भिकी. लग्न होऊन आली ती झुलालच्या घरात. झुलाल कोरडवाहू शेतकरी, पण माशांचा वेडा. डोंगरातल्या झाडांच्या ढोलीतली सातेरी माशी आणून त्यानं परसात लाकडी पेट्यांत वसवली होती. मूलबाळ झालं नाही. दोघांनी पाचसहा वर्षं देवऋषी, दवाखाने केले आणि मग नाद सोडला. पुढं झुलाल तापानं गेला आणि बाईच्या पदरात राहिल्या त्या तीन पेट्या.

त्या तिनं अशा सांभाळल्या की काय सांगावं! खुरासणीला फूल आलं की मध निघायचा, गावातल्या बाळंतिणी आणि खोकलेकरी तिच्याच दारात. आणि तिचा कान! झुलालनंच तयार केला होता तो. थंडीत पेटी उघडायची नाही, हा त्याचा कायदा. थंडीत माशा आत एकमेकींना बिलगून गोळा होऊन बसतात, ऊब धरतात. झाकण काढलं की ती ऊब गेली, ऊब गेली की पिल्लं गेली, आणि मागोमाग माशाही. मग आत माशा आहेत का उडून गेल्या, हे कळायचं कसं? तर बोटाच्या पेरानं पेटीला हळूच टकटक करायची आणि कान लावायचा. आत वस्ती असली तर सूंऽऽ करून एक आवाज उठतो आणि खाली बसतो. बसला लवकर तर सगळं बरं आहे. रेंगाळला तर राणीचं काही खरं नाही. काहीच उठलं नाही तर पेटी खाली.

इथं एक सांगून ठेवतो. खानदेशात ‘शे’ म्हणजे आहे, आणि ‘खाली’ म्हणजे रिकामं. हंडा खाली, खिसा खाली, घर खाली. बुडाशी असेल त्याला आपला माणूस ‘खाले’ म्हणतो. घाटावरचा माणूस मात्र ‘खाली’ म्हणजे बुडाशी असंच समजतो. एवढ्याशा मात्रेनं काय घडलं ते पुढं येईलच.

झालं काय, की अठ्ठ्याऐंशी साली सरकारी योजनेतून रुपचंद घाटावर जाऊन मधमाशीपालनाचं ट्रेनिंग घेऊन आला. जाळी लावलेली पांढरी टोपी, हातमोजे, धुराचा डबा. आला तो असा चालायला लागला की जणू माशा यानंच जन्माला घातल्या. त्याच पौषात तालुक्याचे चार पाहुणे त्यानं बोलावले आणि सकाळी सकाळी, दहिवर अजून वितळलेलं नाही, वारा डोंगरावरून सरळ येतोय, अशा वेळी भिकुबाईच्या परसात शिरला. "हे पहा, वसाहत आहे का नाही ते असं बघायचं," म्हणून फटाफट तिन्ही पेट्या उघडल्या आणि चौकटी वर काढून पाहुण्यांच्या हातात दिल्या.

"उघाडू नको रे! हिव शे! मरी जातीन त्या!" भिकुबाई ओरडत धावली.

"वहिनी, तू चूप ऱ्हाय. तुले काय समजस?" तो बोलला, आणि वर हसला.

दुपारपर्यंत परसात माशांचा सडा. बाई बोटानं एकेक उचलत होती. पाहुणे पारावर चहा पीत होते, त्यातल्या एकानं विचारलं, अहो, या मेल्या कशानं? आता खरं सांगायचं तर टोपी जायची. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. रुपचंदनं भरल्या पारावर, भिकुबाई समोर उभी असताना, तोंड उघडलं.

"जिनी कूस खाली, तिनी पेटी बी खाली. बाईना दोष शे, माशीसना काय?"

माणसं हसली हो. सगळी नाही, पण हसली. उचलली जीभ लावली टाळ्याला! झुलाल असता तर त्यानं ती जीभ मुळापासून उपटली असती. भिकुबाई पारावरून वळली. घरी आली, दार लावलं आणि उपाशी झोपली.

तेव्हापासून वर्षभर ती या एकाच गोष्टीवर जगली. त्या तीन पेट्या तिनं झाडल्या नाहीत, पुसल्या नाहीत. आतल्या मेलेल्या माशा तशाच राहू दिल्या. कोणी म्हणालं, अक्का, साफ कर, मुंग्या लागतील, तर म्हणायची, "लागू दे. माले याद ऱ्हाई." राग शिळा होऊ नये म्हणून रोज सकाळी एकदा झाकण उचलून बघायची. आणि कांदे निंदताना, भाकरी थापताना, तिच्या तोंडात एकच जप: त्या टोपीवाल्याचं वाटोळं कर, देवा, पण माझ्या डोळ्यांदेखत कर.

पावसाळ्यात रुपचंदला सरकारकडून भरलेल्या पाच पेट्या मिळाल्या. ठेवल्या कुठं? भिकुबाईच्या परसाला लागून, मधे फक्त काट्यांचं कुंपण, अशा त्याच्या कांद्याच्या बांधावर. रोज तिच्या कानावर ती गुणगुण. झालेल्या जखमेवर कोणी रोज मीठ चोळावं, तसं.

एवढ्यात एक गोष्ट मात्र चांगली घडली. रुपचंदची बायको प्रमिलाबाई. ही बिचारी गरीब गाय. नवऱ्याच्या पाठीमागं भिकुबाईकडं यायची, कधी वाटीभर तेल, कधी भाजी. पेट्यांच्या योजनेचे घाटावरचे साहेब पाहणीला आले तेव्हा तिनं धीर करून त्यांच्या कानावर घातलं की माझ्या जावेच्या पेट्या रिकाम्या पडल्यात. साहेब भले माणूस. म्हणाले, "हिवाळ्यात येऊन बघतो. ज्या वसाहती जोमात असतील त्यांच्या फाल्गुनात दोन दोन करू, आणि पहिली तुमच्या जाऊबाईंना देऊ."

प्रमिलाबाईनं हे सांगितलं तेव्हा भिकुबाई वर्षात पहिल्यांदा हसली. मग तिच्या लक्षात आलं की माशा येणार त्या टोपीवाल्याच्या पेटीतून, आणि हसू मावळलं. पण माशांची आस ती आस! त्या रात्री तिनं झुलालची एक जुनी पेटी परसातून आत आणून फडक्यानं पुसली. एकच. बाकीच्या दोन राहू दिल्या.

पौष आला. एकोणनव्वदचं ते हीव म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. साहेब जीपमधून उतरले ते मफलर गुंडाळून, नाक गळतंय, कान गच्च. बांधावर निम्मं गाव जमलं. रुपचंद टोपी घालून झाकणाला हात घालायला निघाला तर साहेब खेकसले, "अहो, वेड लागलंय का? या थंडीत झाकण काढायचं नाही. कान लावून बघा."

रुपचंदनं कान लावला. पण जाळीची टोपी काढायची राहिली होती आणि ती पेटीवर खरखरली. माणसं फिदीफिदी हसली. टोपी काढून लावला तरी त्याला काही उमगेना. साहेबांनी स्वतः लावला. सर्दीनं बहिरे झालेले ते. त्यांनी मान हलवली.

"गावात कोणाला कळतं का हो हे?"

"भिकुबाईले!" चारपाच आवाज एकदम आले. "तिना कान म्हंजे कान शे!"

रुपचंदचं तोंड बघण्यासारखं झालं. पण साहेब बघत होते, गाव बघत होतं. तो कुंपणाजवळ आला. "वहिनी," त्यानं टोपी काखेत मारली, "वहिनी, तू कान लाव ना."

भिकुबाई पदर खोचून आली. पहिल्या पेटीला पेरानं टकटक केली, कान लावला. सूंऽऽ! उठला आवाज आणि लगेच बसला. दणदणीत वस्ती, राणी जागेवर, ऊब लाकडातून गालाला लागत होती. वर्षानं ऐकत होती ती हा आवाज इतक्या जवळून. तिचे डोळे भरले. एक शब्द, "शे" म्हणायचं, आणि फाल्गुनात झुलालची पेटी भरणार. हे तिला स्पष्ट दिसत होतं. कोणी म्हणू नये की तिला कळलं नाही. मग तिनं मान वर केली, तर समोर रुपचंद हात चोळत उभा, आणि त्याच्या मागं पारावर हसलेली तीच तोंडं.

"खाली शे," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. "खाली? वा! छान." दुसरी पेटी. "खाली शे." "उत्तम." तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येकीत सूंऽऽ, आणि प्रत्येकीला खाली शे. प्रत्येक वेळी साहेब जास्तच खूश. गाव चकित, पण साहेबांपुढं मधे बोलणार कोण! भिकुबाईला कळेना, या माणसाचं डोकं फिरलंय का काय! पेट्यांना दोन मजले असतात: खालच्यात माशा पिल्लं वाढवतात, वरच्यात मध साठवतात. थंडीत माशा खालच्या मजल्यात बसल्या असतील तर सगळं ठीक. घाटावरच्या साहेबांनी तेवढंच ऐकलं: माशा खाली आहेत. रुपचंदच्या पाठीवर थाप मारली, "पाचही वसाहती तळमजल्यात! उत्तम निगा ठेवलीत. फाल्गुनात येतो," म्हणाले, आणि जीप धुरळा उडवत साक्रीकडं गेली.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. भिकुबाई तणतणत घरी आली, घागर लाथेनं उडवली. एवढा जन्माचा डाव टाकला तर त्या मेल्याची उलट वाहवा! "तो साहेब बहिरा का येडा?" ती भिंतीला विचारत होती.

पण बांधावर रुपचंद एकटा उभा होता, आणि त्याचा चेहरा पिठासारखा. तो ट्रेनिंगला घाटावर राहून आलेला. साहेबांनी काय समजून घेतलं ते त्याला लख्ख कळलं होतं. आणि वहिनीनं काय सांगितलं तेही कळलं होतं, कारण तो खानदेशचाच. पाचही पेट्या रिकाम्या! तिचा कान कधी चुकत नाही, हे तर सगळं गाव सांगतं. ती खोटं बोलेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. मनात आलं ते फाल्गुनाचं: साहेब येणार, झाकण उघडणार, आत जळमटं आणि मुंग्या, आणि गावासमोर आपली शोभा. साहेब ‘उघडू नका’ म्हणाले होते, पण रिकामी पेटी उघडायला काय भीती?

माणसं पांगेपर्यंत तो दम धरून होता. ऊन डोंगराकडं कललं, वारा सुटला, कांद्याच्या वाफ्यात नुकतंच पाणी फिरलं होतं. मग आला. कुंपणाआडून भिकुबाई बघत होती. त्यानं आधी पाचही पेट्यांची झाकणं काढून ओळीनं जमिनीवर ठेवली. अरे, निदान एकेक उघड ना! पण धीर कुठला. तिच्या घशाशी हाक आली होती. ‘अरे, शेतस, माशा शेतस!’ एवढंच ओरडायचं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच उभी राहिली.

त्यानं पहिली चौकट उचलली. माशांनी काळी झालेली चौकट. त्याच्या तोंडून "आ" निघाला, आणि पहिला डंख मनगटाला बसला. हातमोजे घातले नव्हते. रिकाम्या पेटीला कशाला? चौकट सुटली, पेटीवर आपटली, पेटी कलंडून दुसरीवर गेली. बिथरलेल्या माशा पाचही पेट्यांतून भळाभळा बाहेर आल्या, वाऱ्यात फिरल्या आणि गारठून वाफ्यातल्या पाण्यात टपाटपा पडायला लागल्या. रुपचंद तोंडावर हात घेऊन सैरावैरा. भिकुबाईच्या अंगातून सर्रकन काहीतरी गेलं. आनंदच तो! खोटं कशाला बोला? वर्षभर मागितलं ते देवानं डोळ्यांदेखत दिलं होतं.

दिवे लागायच्या वेळी दार वाजलं. प्रमिलाबाई. हातात टोपली, टोपलीत चिखलात भिजलेल्या माशांचा ढीग, रडून डोळे सुजलेले. "अक्का, पहा ना. जित्या शेतस का मेल्या? तुनी चूल पेटेल शे, जरा ऊब दे." तिच्या मागं रुपचंद, एक डोळा डंखानं बंद.

भिकुबाईनं टोपली हातात घेतली, कान लावला. बारीक, अगदी बारीक, तळातून आवाज येत होता. जित्या होत्या. चुलीपुढं ठेवायला फक्त चार पावलं. राणी असली त्यात तर एक पेटी तरी उभी राहील.

तिनं टोपली उंबऱ्याबाहेर ओट्यावर ठेवली. वाऱ्यात.

"त्याले सांग," ती जावेला म्हणाली, नजर दिरावर, "पारवर जो सबद बोलना व्हता, तो आठे मांगे ले. बठ्ठासना समोर. तवय चूल."

"वहिनी, आधी माशा..."

"आधी सबद."

पारावरचा शब्द सगळ्यांसमोर मागं घे, मगच चूल, हे ऐकून गल्ली जमली. सुंभ जळतो, पण पीळ जातो का? रुपचंद मान ताठ करून उभा. प्रमिलाबाई त्याच्या पाया पडली, मग हिच्या पाया पडली. "अक्का, माशीसनी काय करं तुनं?" जीवराम नावाचा म्हातारा शेजारी म्हणाला, "अरे बोल ना भाऊ, जीभ का झडस?" त्यानं तोंड फिरवलं. भिकुबाई दारात हात कंबरेवर ठेवून उभी, मागं चूल धडधडतेय, आणि पायाशी टोपली. तिला माहीत होतं की दर घटकेला तळातला आवाज कमी होतोय. तरी ती हलली नाही. आज हलली असती तर वर्ष वाया गेलं असतं, असं तिला वाटलं.

आभाळात तारे उगवले. मग रुपचंदच्या अंगाला कापरं भरलं, थंडीनं म्हणा की डंखांनी, आणि तो बोलला. गल्लीला ऐकू जाईल असा.

"तुना दोष नव्हता. तुन्या पेट्या मी उघाड्यात. तुन्या माशा मी मारी टाक्यात. आनि ते कूसनं बोलनू, ते... ते कुत्रानं तोंड व्हतं मनं."

कोणी हसलं नाही. भिकुबाईनं डोळे मिटले. झालं! वर्षभर ज्याला भुकेली होती तो घास तोंडात पडला, आणि गोडही लागला. तिनं झटक्यात टोपली उचलली, चुलीपुढं नेली, गुडघे टेकून कान लावला. टोपलीच्या काठावर पेरानं टकटक केली. पुन्हा केली. ओल्या ढिगात हात घालून माशा वरखाली केल्या, धगीपुढं धरल्या, फुंकर घातली, पुन्हा कान लावला.

"मरी ग्यात," ती म्हणाली.

रुपचंद उंबरा ओलांडून आत आला. "खोटं बोलस तू."

"नही रे. खरंच मरी ग्यात."

"सकाये बी खरंच बोलनी व्हती तू! पाच पेट्या भरेल, आनि तू खाली सांगं. आते तुना कानवर कोन विश्वास ठेवी?"

तिनं दाराकडं बघितलं. जीवराम, प्रमिलाबाई, गल्लीतल्या बाया. ज्यांनी सकाळी तिच्या कानाच्या नावानं हाका मारल्या होत्या, तेच सगळे. एकानंही म्हटलं नाही की अरे, भिकुबाई सांगतेय म्हणजे तसंच असेल. प्रमिलाबाई तर तिच्याकडं बघायलाच तयार नव्हती.

"झुलालनी आन शे," भिकुबाई म्हणाली. "काही नही त्यासमा."

त्यानं टोपली तिच्या हातातून ओढून घेतली आणि चुलीपुढं फतकल मारून बसला. सुजल्या बोटांनी एकेक माशी उचलायची, तळव्यावर घेऊन धगीला धरायची, बघायची, पदरात टाकायला बायको जवळ नाही म्हणून फरशीवर ठेवायची. माणसं हळूहळू घरी गेली. भिकुबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"आखो दोन काड्या टाक," तो मान वर न करता म्हणाला.

तिनं पऱ्हाटीच्या काड्या मोडल्या आणि चुलीत सारल्या.